पहाऱ्याची पाळी

मनोऱ्याच्या पायथ्याशी पोचेपर्यंत शेफालीनं अक्षताच्या कपाळाला चारदा हात लावून पाहिलं होतं. पाचव्यांदा लावला तेव्हा चार वर्षांची अक्षता स्वतःच म्हणाली, "ताप नाहीये, आई."

"आला रिपोर्ट," शेफालीचा नवरा अभिनव म्हणाला. रविवारी डोंगरावर जाऊ, तुला जरा मोकळं वाटेल, हा त्याचाच आग्रह. सहा महिन्यांपूर्वी तापात अक्षताला झटका आला, तेव्हापासून शेफाली धड झोपलीच नव्हती. लेकीचा श्वास ऐकत पडून राहायची आणि सकाळी ऑफिसचा लॅपटॉप उघडायची.

धायरीच्या मागच्या डोंगरात, झाडीच्या वर डोकं काढून उभा असलेला हा वन खात्याचा दगडी मनोरा. वणवा कुठे लागलाय ते पाहायला इंग्रजांच्या काळात बांधलेला. आता वणव्याची खबर थेट मोबाइलवर येते, म्हणून मनोरा रविवारी लोकांना बघायला खुला. दाखवायला हिंमतराव. तीस उन्हाळे त्यांनी इथेच पहारा केलेला.

वरची खोली चारी बाजूंनी उघडी. शेफालीनं आधी कठडा हलवून पाहिला, मग अक्षताचा हात धरला आणि मग लांबचा धूर बघून दचकली.

"तिकडे काहीतरी पेटलंय."

"वीटभट्टी हाय ती. रोजचीच," हिंमतराव म्हणाले. "नजर भारी हाय ताई तुमची. खात्यात घेतलं असतं."

"पगारही नको तिला. फुकट करते," अभिनव म्हणाला. शेफाली हसली नाही.

हिंमतराव कठड्याला टेकले. "मी आन् बाबुराव, दोघं असायचो. एकानं बघायचं, दुसऱ्यानं खाली जाऊन पडायचं. झोप येवो न येवो, खाली जायचंच. एका साली लई वणवे. नवं गवत चांगलं फुटतं म्हणून लोकच पेटवून द्यायचे. आमाला वाटलं, आता कसली झोप? दोघंबी तीन दिवस वरच. तिसऱ्या दुपारी हा समोरचा उतार तासभर जळत व्हता. गावची माणसं वरडत आली तवा कळलं."

"डोळा लागला होता?" शेफालीनं विचारलं.

"न्हाई ना. डोळे उघडे व्हते. उताराकडंच तोंड व्हतं. दिसलंच न्हाई."

मग ते अक्षताला मधल्या टेबलावर कोरलेल्या दिशा दाखवायला घेऊन गेले. शेफाली उताराकडे बघत राहिली.

"मागच्या मंगळवारी मी औषध दोनदा दिलं," ती म्हणाली.

"कसलं?"

"झटक्यांचं. सकाळी दिलं, आणि दिलंच नाही असं वाटून परत दिलं. दुपारपर्यंत ती गुंगीत होती. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले लक्ष ठेवा. तुला सांगितलं नाही."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर, आज बाईसाहेब शांत आहेत, असं अक्षताकडे बघून अभिनवच म्हणाला होता.

"आज रात्रीचं मी देतो," तो म्हणाला.

"आजचंच नाही."

"बरं. रोजचं." फोन काढत त्यानं विचारलं, "किती वाजता असतं?"

सहा महिने. ओठांवर आलेलं तिनं गिळलं. भांडायलाही अंगात काहीतरी लागतं.

"आठ वाजता. जेवल्यावर. अडीच एमएल, सिरिंजनं."

"आणि ओकली तर?"

"तर डॉक्टरांना विचारायचं. मनानं परत द्यायचं नाही."

तो फोनमध्ये लिहून घेत होता. तिनं सगळं दोनदा सांगितलं, पर्समधला थर्मामीटर त्याच्या खिशात सरकवला आणि भिंतीला हात लावत एकटीच जिना उतरायला लागली. वर अक्षता धावल्याचा आवाज आला, पाठोपाठ अभिनवचं "हळू." ती पायरीवर थबकली. परत वर जायला चारच पायऱ्या होत्या.

ती खाली आली. ओट्यावर बसून तिनं दगडाला डोकं टेकलं. कान बराच वेळ वरच होते. मग तेही दमले.