नको म्हणण्याची रीत

किसनरावांना जाऊन महिना झाला नव्हता आणि घरात वाटणीची कुजबुज सुरू झाली. उघड कुणी बोलत नव्हतं. आपल्याकडे मेलेल्या माणसाची आठवण मोठ्याने काढतात आणि त्याच्या इस्टेटीची हळू आवाजात.

वाटायचं होतं गुदैबिया भागातलं एसी दुरुस्तीचं वर्कशॉप. किसनरावांनी बहारीनमध्ये अर्धं आयुष्य कंपनीत इलेक्ट्रिशियन म्हणून घासलं आणि उरलेल्यात हे उभं केलं. लायसन्स मात्र तिथल्याच आमिनाबाईंच्या नावावर. इथल्या माणसाचं नाव पुढे केल्याशिवाय परक्याला इथे चहाची टपरीही टाकता येत नाही. इंग्रज साहेब पंचवीस वर्षांपूर्वी बेटावरून गेला, पण परक्याला कुणाच्या तरी मुठीत ठेवायची त्याची सवय इथेच राहिली. आमिनाबाई बिचाऱ्या भल्या होत्या. ठरलेली रक्कम घ्यायच्या आणि वर्षातून एकदा खजूर पाठवायच्या.

संघप्रिया, किसनरावांची थोरली, आठ वर्षांपासून त्याच वर्कशॉपच्या व्हिसावर होती. नवऱ्याने टाकल्यावर बापाने तिला इथे आणलं. फोन घेणं, गिऱ्हाइकांची बोलणी खाणं, मेकॅनिकांना कामाला लावणं, इतकंच काय, जळालेल्या मोटरचं वाइंडिंगसुद्धा ती करायची. धाकटा रुपेश ठाण्यात. त्याच्या कंपनीला टाळं लागलं होतं. वडिलांच्या आजारपणात त्याला विमान मिळालं नाही. ते गेल्यावर मात्र लगेच मिळालं. तसा माणूस विचारांचा. दर चौदा एप्रिलला वस्तीत स्त्रीच्या हक्कांवर त्याचं भाषण व्हायचं आणि बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

संघप्रियाला एकच हवं होतं, वर्कशॉप तिच्या हाती राहावं. नफ्यातला वाटा ती भावाला खुशीने देणार होती. पण वर्कशॉप गेलं की व्हिसा जाणार, आणि व्हिसा गेला की तिला या जगात पाठ टेकायला जागा नव्हती. सासरचं दार बंद होतं आणि ठाण्याच्या दोन खोल्यांत भावजय ज्योत्स्ना तिला चार दिवसांवर ठेवून घेणारी नव्हती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी आईने, कुसुमबाईंनी, तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"आज आमिनाबाई येनार हाय. सगळ्यांसमोर इचारंल. तू पयलं न्हाईच म्हनायचं, बरं का."

"का? मला पाहिजे आहे, आई."

"आगं, लगीच हात पसरला की लोकं हावरट म्हनत्यात. तू मला काय नको म्हन. मग रुपेश म्हनंल, असं कसं ताई, तुजा हक हाय. मग घे की! मागून घेन्यात काय मान हाय का?"

संघप्रियाला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. आपण जेवताना पानावर आडवा हात धरतो तो वाढणाऱ्याने बाजूला सारावा म्हणून. नको म्हणणं हे आपल्याकडे हवं म्हणण्याचंच पहिलं पाऊल. ही रीत तिच्या अंगात इतकी मुरलेली, की समोरचा हात बाजूला न सारता पुढच्या पंगतीला निघून जाईल, असं तिच्या मनातही आलं नाही.

शुक्रवारची सुट्टी, म्हणून हॉल भरला होता. त्रिसरण-पंचशील झालं, दोघांनी किसनरावांबद्दल चांगलं सांगितलं, खीर वाटून झाली. आमिनाबाई सोफ्यावर अबाया सावरून बसल्या होत्या. त्यांनी सरळ विषयाला हात घातला.

"किसन मेरा भाई के माफिक था. लायसन मेरा नाम पे है, लेकिन दुकान उसका. हमारे में लड़के का दो हिस्सा, लड़की का एक. देना पड़ता है. तुम्हारे में कैसा है, मेरे को मालूम नहीं." मग त्या संघप्रियाकडे वळल्या. "दुकान तू देखती है. तू बोल, तेरे को क्या मंगता?"

सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. तिने आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांनीच खूण केली.

"मेरे को कुछ नहीं चाहिए," संघप्रिया म्हणाली, आणि खाली मान घालून वाट बघत बसली.

रुपेश खिरीची वाटी चाटत होता. त्याने ती खाली ठेवली, तोंड पुसलं, हात जोडले. "मेरी दीदी का दिल बहुत बड़ा है," तो म्हणाला.

आमिनाबाईंनाही आश्चर्य वाटलं असावं. "पक्का? कुछ भी नहीं?"

संघप्रियाला वाटलं, हा दुसरा आग्रह. आता तरी रुपेश बोलेल. ती पुन्हा "नहीं" म्हणाली. तिच्या मेल्या तोंडाला दुसरं काही येईचना!

"खलास," आमिनाबाई म्हणाल्या. "सब ने सुना."

टाळ्या पडल्या. खरंच, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि कुसुमबाईंनी कपाटातून जरीची साडी काढून लेकीच्या खांद्यावर टाकली. साड्यांच्या दुकानाच्या पिशवीतली, आधीच आणून ठेवलेली. ती बघितल्यावर संघप्रियाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तिने आईला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला ठाऊक होतं. तो आग्रह करणार नाही, हे तुला ठाऊक होतं!"

कुसुमबाई भांडी विसळत राहिल्या. "मला म्हातारपनी त्याच्याच दारात पडायचंय. तुज्या दारात पडायचं तर तुला दार कुठाय?"

संघप्रिया तशीच हॉलमध्ये गेली आणि सगळ्यांसमोर, रडत, म्हणाली, "मेरे को चाहिए. दुकान मेरे को चाहिए."

 आमिनाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण मान हलवली. "अभी ना बोला, अभी हां. ऐसा औरत के हाथ में मैं मेरा लायसन कैसे देगी, बेटी?"

"ताई," रुपेश हळूच मराठीत म्हणाला, "आधीच मागितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?"

त्याने आवाज अगदी भाषणातल्यासारखा मऊ लावला होता. संघप्रियाला त्याचं तोंड फोडावंसं वाटलं. फोडायलाच हवं होतं.

पुढचं भराभर झालं. वर्कशॉपचा कारभार रुपेशकडे आला, आईचा व्हिसा त्याच्यावर लागला. ज्योत्स्नाचा भाऊ विनय ठाण्यात बेकार होता, त्याला बोलवायला वर्कशॉपवर एक व्हिसा मोकळा हवा होता, म्हणून संघप्रियाचा कॅन्सल केला. तिकीट मात्र रुपेशने स्वतः काढलं, आणि ते येईल त्या प्रत्येकाला सांगितलं.

विमानतळावर तो गाडीतच बसून राहिला. कुसुमबाई दारापर्यंत आल्या. लेकीला जवळ घेतलं, खरोखर रडल्या, आणि म्हणाल्या, "पोचलीस की फोन कर गं."

"कुठं पोचल्यावर, आई?"

कुसुमबाईंनी तिची ओढणी नीट केली. मागे रुपेशने हॉर्न वाजवला.

"जा," त्या म्हणाल्या, "गर्दी व्हायच्या आत जा."