धाकटीची पानं

पुस्तकं बांधणाऱ्याने पुस्तकं वाचत बसू नये, हा दुकानाच्या मालकांचा नियम. बावीस वर्षं खळीत हात घालून बाईंनी तो इमानेइतबारे पाळला. पण वाचनालयाकडून शिलाईला आलेली ही जुनी कादंबरी उघडली, तर पहिल्याच पानावर गोष्ट सांगणाऱ्या आईचा मुलगा गेलेला. बाईंचाही गेला होता, तीन वर्षांपूर्वी, साध्या तापाचं निमित्त होऊन. मग कुठला नियम नि कुठलं काय! चार दिवस डबा खाता खाता त्यांनी ती वाचून काढली.

वाचताना दुःख राहिलं बाजूला, रागच आला. त्या आईला रडायला बरा वेळ मिळतो, पानंच्या पानं! इथे पहाटे डबे, दिवसभर शिलाई, घरी गेल्यावर भांडी. रडू आलं तर कांदा चिरताना उरकून घ्यायचं. अंगातला शीण तर झोपूनही जात नाही. एक मात्र तंतोतंत जुळलं. त्या आईने मुलाची खोली होती तशी बंद ठेवली होती. बाईंनीही ठेवली होती.

आणि एक गोष्ट खटकली. मुलाला एक धाकटी बहीण होती, ती पुढे गेली कुठे? एकदा शाळेतून आली, एकदा जेवून उठली, संपलं. शिवण्याआधी पानं मोजायची ही बाईंची रोजची रीत, पण या वेळी वाचायच्या नादात ती राहिलीच होती.

"मालक, यातली एखादी घडी गळालीय," त्या म्हणाल्या. "धाकटीची पानं नाहीत."

"मोजा की मग."

सोळा सोळा पानांच्या एकोणीस घड्या. तीनशे चार पानं. बाईंनी पुन्हा मोजली. एकही कमी नव्हतं. त्या आईने धाकटीबद्दल सांगितलंच तेवढं होतं.

"बाई, चेहरा उतरलाय तुमचा. घरी जा आज," मालक म्हणाले.

घरी आल्यावर बाईंची नजर आधी ओट्याशेजारच्या टेबलाकडे गेली. त्यांची धाकटी चौदा वर्षांची. तीन वर्षं ती याच टेबलाच्या कोपऱ्यावर अभ्यास करत होती, भाजी चिरायची वेळ झाली की वह्या उचलत होती आणि बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपत होती. कधी कुरकुर नाही. गुणाची पोर, असं बाई चारचौघांत सांगायच्या. गुणाची कसली? तिला विचारलं होतं कुणी?

त्यांनी मुलाची खोली उघडली. त्याची चादर काढताना रडू आलं, या वेळी कांद्याशिवाय. त्याच्या वह्या खोक्यात भरल्या. खोकं माळ्यावर टाकायला काही हात धजेना, म्हणून ते पलंगाखाली सरकवलं. मग धुतलेली चादर अंथरली.

धाकटी शाळेतून आली आणि दारातच थांबली. दप्तर पाठीवर तसंच.

"आई, पाहुणे येणारेत का कुणी?"

"नाही गं. तुझ्यासाठी आहे."

ती आत येऊन उशीला अभ्रा घालू लागली, कोपरे नीट बसवत, परक्या घरी वागावं तशी जपून. मग वर न बघताच तिने विचारलं,

"किती दिवस?"