मागच्या दारावरचा एकशे बारा एस

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो, आणि डूख धरलेला टायर आहे.

माझ्या कुशीवर ‘११२ एस’ असे कोरलेले आहे. कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून निघतानाच ते उमटले. एकशे बारा हा ओझ्याचा आकडा. माझ्या एकट्यावर अकराशे वीस किलो ठेवा, मी हूं की चूं करणार नाही. एस हे वेगाचे अक्षर. ताशी एकशे ऐंशीच्या पुढे मात्र मला पळवू नका.

आम्ही चार भावंडे ऋतुराजच्या फोर बाय फोर जीपला लागलो. पैठणजवळ त्याची मोसंबीची बाग. बागेतल्या चिखलातून चारही चाकांनी जोर लावून आम्ही भरली गाडी वर काढायचो आणि क्रेट शहरात पोचवायचो. तीन वर्षांत एकदाही त्याला वाटेत उभे केले नाही. दसऱ्याला त्याची आई दगडाबाई आम्हाला हळदकुंकू लावायची. माझ्यापाशी आली की बोटाने आकड्यावरची धूळ पुसायची आणि म्हणायची, “लई वझं उचललंस रं लेकरा.” त्या बोटासाठी मी बाभळीचे काटेही सोसले.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऋतुराजने जीप चितेगावला मजीदभाईंच्या टायरच्या दुकानात आणली. गाडीत मागे नवे टायर टाकलेले होते. रुंद, बुटके, चकचकीत. कुशीवर ‘९५ व्ही’.

“हे जुने काढा, मजीदभाई. गाडी ट्रॅक्टरवानी दिसती.”

मजीदभाईंनी चष्मा सावरला. “ऋतुराजभाऊ, हे कारचे हायत. पंच्याण्णव म्हंजे सहाशे नव्वद किलो. तुमची भरली गाडी मागच्या एकेका चाकावर नऊशेच्या वर टाकती.”

“अक्षर बघा की! व्ही हाय, दोनशे चाळीस. येवढं पळणारा टायर कच्चा असतो व्हय?”

“पळणं येगळं, उचलणं येगळं. मी नाय लावणार.”

ऋतुराज तणतणत दुसरीकडे गेला आणि लावूनच आला. माझी तिन्ही भावंडे भंगारात गेली. मला स्टेपनी म्हणून मागच्या दारावर टांगले. दसऱ्याला हळदकुंकू त्या चकचकीतांना मिळाले. दगडाबाई ताट घेऊन माझ्याकडे वळली, तर हा म्हणाला, “माय, स्टेपनीला कशाला?” ती थांबली, आणि तशीच परत गेली.

तेव्हाच मी डूख धरला. ऋतुराज, एक दिवस तू माझ्यापुढे गुडघे टेकशील, हे मी रोज घोकू लागलो. गाडी भरली की नव्या टायरांची पोटे दबायची आणि मला बरे वाटायचे.

महिनाभराने भर दुपारी आम्ही शहराकडे निघालो. मागे खच्चून क्रेट, पुढे दगडाबाई, आणि ऋतुराजचा पाय नव्वदच्या खाली येईना. चितेगाव जवळ आले तसा मला तापल्या रबराचा वास आला. मी मनात म्हणालो, फूट.

मागचा डावा फुटला. जीप झोकांडी खाऊन रस्त्याखाली उतरली आणि दगडावर आदळली. ऋतुराजला ओरखडाही आला नाही. दाराकडे वळून कड धरलेला दगडाबाईचा उजवा हात मात्र दारात चिरडला.

लोकांनी क्रेट उतरवून जीप वर ओढली. ऋतुराज माझ्यापुढे गुडघे टेकून नट फिरवत होता. नाक गळत होते. हेच मी मागितले होते. आत ती कण्हत होती. दवाखान्यापर्यंत मीच तिला नेले, आणि जन्मात पहिल्यांदा मला माझेच ओझे झेपेना.

आता मी झिजलो आहे. मजीदभाईंनी मला दुकानापुढे अर्धा पुरून आकडा पांढऱ्या रंगाने रंगवला आहे. मित्रांनो, टायर घेताना नुसते अक्षर बघून भुलू नका. आधी आकडा वाचा, मग गाडीत ओझे टाका. आमच्याशी वाकडे वागलात तर आम्ही सूड घेतो, पण आम्हाला नेम धरता येत नाही.

यंदाच्या दसऱ्याला ऋतुराज आईला घेऊन आला. वाकून त्याने मोठ्याने वाचले, “एकशे बारा.” त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. दगडाबाईने डाव्या हाताने कुंकू लावले. ते आकड्यावर न पडता शेजारीच पडले. तिचा उजवा हात पदराखाली होता.