चादरीखालची दुपार

मित्रांनो, सोलापुरात यंत्रमागांच्या खडखडाटात सात वर्षं राबलेला एक जुना लॅपटॉप मी. कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. पहिली आठवण भुवनेश्वरीची. तिनं मला खोक्यातून काढलं, आणि तिच्या अप्पांनी, सिद्रामप्पांनी, माझ्या झाकणावर विभूतीची तीन बोटं ओढली.

सिद्रामप्पांनी चादरींच्या नक्षी आयुष्यभर चौकटीच्या कागदावर हातानं काढल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. एक घर रंगवायला जावं, तर पेन्सिल शेजारच्या घरात शिरायची. तेव्हा मनातली शेवटची मोठी नक्षी, कमळांनी भरलेल्या तळ्याची, ते तोंडानं सांगू लागले आणि भुवनेश्वरी ती माझ्यात एकेक घर भरू लागली. अकरा महिने हे चाललं. ती नक्षी कागदावर कुठेच नव्हती, तिची दुसरी प्रतही नव्हती. "सगळं ह्याच्यातच हाय," असं म्हणून भुवनेश्वरी मला थोपटायची, तेव्हा मी फुशारून जायचो. त्यात धोका आहे, हे मला तरी कुठे कळत होतं!

मागवाल्यांच्या घरात सुताचा भुगा सतत तरंगत असतो. म्हणून कामावरून उठताना पिठाच्या डब्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यावर चादर टाकायची सवय. एप्रिलमधल्या एका दुपारी भुवनेश्वरी सूत बघायला बाहेर गेली. मी चालूच होतो, पुऱ्या नक्षीची मागासाठीची फाइल तयार करत होतो. सिद्रामप्पांनी मला उघडं पाहिलं. घरचीच जाड चादर दुहेरी करून त्यांनी माझ्यावर घातली आणि कडा नीट खोचल्या, लेकराला पांघरूण घालताना खोचतात तशा.

मला ओरडता येत नाही. पंखा जोरात फिरवायचा, एवढंच माझ्या हाती. मागांच्या आवाजात तो कोणाला ऐकू जाणार? पडद्यावर रेघा उमटल्या आणि मी बंद पडलो.

परत आल्यावर भुवनेश्वरीनं चादर काढली, तर हाताला चटका बसला. तिनं दुरुस्तीवाल्या विरेशला फोन लावला.

"ताई, बटण दाबू नका. चार्जर काढा, गार होऊ द्या. आणि फ्रिजमध्ये ठेवू नका हां. एकानं ठेवला होता, भाजीशेजारी!"

दुसऱ्या दिवशी बापलेक मला घेऊन त्याच्या दुकानात गेले. विरेशनं माझी पाठ उघडली. बॅटरी उशीसारखी फुगलेली होती. ती त्यानं सांभाळून अलग केली. पंख्यात लाल-हिरव्या सुताची वात अडकली होती.

"चालू असताना ह्याच्यावर चादर कुणी घातली?"

सिद्रामप्पा खाली बघत म्हणाले, "मी. धूळ बसंल म्हणून."

"काका, धूळ अडवली की तुमी. पर वाराबी अडवला."

"माझी नक्षी गेली का रे? परत सांगाय गेलो तर सगळी आठवंल असं न्हाय."

"आधी डिस्क बघू. लॅपटॉपचं मागनं." विरेशनं माझी डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली. मग फायलींची नावं एकामागून एक दिसू लागली. दुपारची फाइल अर्धवट होती, पण सकाळी साठवलेली नक्षी शाबूत निघाली. विरेशनं आधी तिच्या दोन प्रती केल्या आणि मगच ती उघडली.

सिद्रामप्पा पडद्याजवळ सरकले. थरथरतं बोट काचेवरून फिरू लागलं.

"थांब. तिसऱ्या कमळाच्या देठाला एक घर जास्त हाय."

"अप्पा, तुमीच सांगितलेलं!"

"मग मीच चुकलो. काढ ते."

तिकडे बापलेक देठ दुरुस्त करत होते आणि इकडे विरेश मला तपासत होता. त्यानं पंखा साफ केला, प्रोसेसरवरचा, उष्णता बाहेर नेणारा सुकलेला लेप बदलला, रॅमच्या पट्ट्या एकेक करून लावून पाहिल्या. रेघा जाईनात. त्यानं मला दुसरा पडदा जोडला, तर त्यावरही त्याच रेघा! म्हणजे पडदा निर्दोष, मदरबोर्डच भाजलेला. "ह्याचं संपलं आता," तो हळूच म्हणाला. ते ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.

मला त्याचं वाईट वाटलं नाही. मित्रांनो, मला अव्हेरानं नाही, मायेनं मारलं. म्हणून राग धरायचा तरी कोणावर? एवढंच सांगतो, आमच्या पोटाशी आणि कडेला ज्या फटी असतात, तेच आमचं नाक. अंथरुणावर ठेवून किंवा पांघरूण घालून ते बुजवू नका. झाकायचंच असेल तर आधी बंद करा. आणि जे पुन्हा घडवता येणार नाही, ते एकट्या माझ्यासारख्याच्या भरवशावर कधी ठेवू नका. आमच्यावर कितीही जीव असला तरी.