म्हसोबाचा उतार

“उतरू नका! चतुराबाई, उतरू नका!”

पंकजाचं बोलणं पुरं होईपर्यंत चतुराबाई उतरल्या होत्या. नुसत्या उतरल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. त्या सायकल घेऊन वाटेच्या कडेला झाल्या, हेल्मेटखालून निसटलेला पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मागून येणाऱ्या भगवानरावांनी घाबरून दोन्ही ब्रेक दाबले. त्यांच्यामागे बँकेतले मुकुल होते. त्यांनी नेहमीप्रमाणे फक्त पुढचा ब्रेक दाबला आणि नेहमीप्रमाणे हँडलवरून पुढे जाऊन सीताफळीच्या झुडपात बसले. शेवटची प्रियंका तेवढी शहाणी. तिने सायकल गवतात घातली, गोल फिरवून थांबवली आणि पोट धरून हसायला लागली.

“सर, बसलाच हाव तर पिकलेलं हाय का बघा एखादं.”

मुकुलनी झुडपातूनच हात वर केला. हातात खरोखरच एक सीताफळ होतं. ते पाहून चतुराबाईसुद्धा पदराआड हसल्या. पंकजाला हसू येत होतं आणि रागही येत होता, कारण गेले चार रविवार ह्याच वळणावर हाच प्रकार चालला होता.

येलदरीच्या धरणामागे टेकडी आहे. धरणाच्या बाजूने मुरमाचा रस्ता वर जातो, माथ्यावर शेंदूर फासलेला म्हसोबा आहे, आणि पलीकडच्या अंगाला खडकाळ पायवाट खाली वाडीपर्यंत उतरते. दर रविवारी सकाळी पंकजा तिथे डोंगरातली सायकल शिकवायची. एरवी ती जिंतूरच्या एका शाळेत कंत्राटावर मुलांना खेळ शिकवायची, आणि कंत्राट पुढच्या वर्षी राहील की नाही हे तिला कधीच माहीत नसायचं. रविवार मात्र तिचा स्वतःचा होता. शिकायला येणाऱ्यांत कशाचा कशाला मेळ नव्हता. प्रियंका कॉलेजातली, राज्य स्पर्धेची तयारी करणारी. तिला धरून ठेवावं लागायचं. मुकुलची सायकल परदेशी, चष्मा परदेशी, पडणं तेवढं अस्सल गावठी. भगवानराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. डॉक्टरांनी साखर कमी करा नाहीतर सुई घ्या म्हटल्यावर सुईच्या भीतीने ते सायकलवर बसले होते. आणि चतुराबाई. त्या गावच्या आशाताई, खाली मुलीची ट्रॅक पँट, वर गुडघ्यापर्यंत खोचलेली साडी, पदरावर हेल्मेट, आणि बुडाखाली पंकजाची जुनी सायकल.

पंकजाचा एक नियम होता. सगळ्यात हळू येणारा सगळ्यात पुढे, बाकीचे त्याच्या मागे, त्याच्याच चालीने. पुण्याच्या शिबिरात ती स्वतः विशीत असताना एका उतारावर मागे पडली होती. सगळे निघून गेले आणि ती तळाला पोहोचली तेव्हा लोक जेवून हात धूत होते. तिला भुकेपेक्षा त्याचं वाईट वाटलं होतं, अजूनही वाटायचं. म्हणून तिच्या उतारावर कुणी मागे पडायचं नाही. आणि उतारावर कुणी सायकलवरून उतरायचंही नाही, कारण चालवताना जेवढे पडतात त्याहून जास्त घाबरून उतरताना पडतात.

नियम चांगला होता. पण सगळ्यात हळू चतुराबाई, त्यांच्या मागे भगवानराव, आणि भगवानराव म्हणजे चतुराबाईंचे थोरले दीर. पंकजाने नियम केला तेव्हा ही सोय तिच्या डोक्यात आली नव्हती.

चतुराबाईंच्या गावात थोरला दीर समोर दिसला की सून सायकलवरून उतरते, कडेला होते आणि तोंड फिरवून उभी राहते. तो पुढे गेला की मग चढते. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला पाठ दाखवून पुढे जायचं नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही आणि कुणी मोडतही नाही. मागून भगवानरावांच्या सायकलची करकर कानावर आली की चतुराबाईंचा पाय आपोआप पॅडल सोडायचा.

त्या दिवशी सगळे तळाशी पोहोचल्यावर पंकजाने चतुराबाईंना बाजूला घेतलं.

“तुमच्यासाठी दुपारची येगळी बॅच करू का? भगवानराव सकाळी, तुमी दुपारी.”

“नका करू, मॅडम.”

“कामून?”

“वाडीच्या वाटंला बी कुणी ना कुणी मोठं माणूस भेटणारच की. तितं मी बॅच कुठून आणू?”

वाडीचं प्रकरण पंकजाला ठाऊक होतं. आशाताई म्हणून टेकडीपलीकडची ती वाडी चतुराबाईंकडेच होती. डांबरी रस्ता टेकडीला वळसा घालून जायचा, त्याला एस.टी. नाही, आणि पायी जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. श्रावणात एका पोरीला कळा सुरू झाल्याचा फोन आला. चतुराबाई पळत, धापा टाकत पोहोचल्या तेव्हा बाळ जन्मून, न्हाऊन, दुपट्यात गुंडाळून झालं होतं. बाळ-बाळंतीण ठणठणीत होते, पण त्या पोरीची सासू म्हणाली, “आलीस का? बस, चहा पिऊन जा.” तो चहा चतुराबाईंच्या घशाखाली उतरला नव्हता. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी नंतर सरळच सांगितलं, दिवाळीपर्यंत वेळेवर पोहोचणं जमलं तर ठीक, नाहीतर वाडी दुसरीकडे देऊ. म्हसोबाचा उतार सायकलवर जमला तर वाडी चतुराबाईंची राहणार होती. एवढंच होतं, पण चतुराबाईंना त्यापुढे दुसरं काही दिसत नव्हतं.

आणि जमण्यासारखं सगळं होतं, हेच पंकजाला टोचत होतं. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं, “डोक्यावर हंडा हाय असं समजा. गुडघे सैल, कोपर सैल, हंडा हलता कामा नये.” चतुराबाई लगेच पॅडलवर अशा उभ्या राहिल्या की मुकुलनी टाळ्या वाजवल्या. दगडाकडे बघितलं की चाक दगडावरच जातं, जिकडे जायचं तिकडे बघायचं, हेही त्यांना पटकन उमगलं. त्या फक्त मागे कोण आहे हे विसरू शकत नव्हत्या.

पुढच्या रविवारी वर चढताना पंकजा मुद्दाम भगवानरावांबरोबर सायकल ढकलत चालली. भगवानराव दर दहा पावलांनी थांबून देखावा बघितल्यासारखं करायचे आणि दम खायचे.

“भगवानराव, तुमच्या भावजयीचं काय करावं?”

“काय झालं?”

“तुमी मागं असलाव की त्या उतरायल्यात.”

“मग मी काय करू? मी कधी तिला उतर म्हणलो का?”

“उतरू नको बी कधी म्हणला न्हाईत.”

भगवानराव थांबले. ह्या वेळी देखाव्यासाठी नाही.

“पोरी, ती लगीन होऊन आली तवापासून मी तिच्याशी एक शब्द बोललेलो न्हाई. भांडण न्हाई, काई न्हाई. रीतच तशी. आता ह्या वयात डोंगरावर उभं राहून काय बोलू? लोक काय म्हणतील ते सोड, तिलाच कसंतरी हुईल.” मग सायकल पुढे ढकलत म्हणाले, “तसं असंल तर मीच येत न्हाई पुढच्या रविवारपासून. माझं काय, मी गावात चक्कर मारतो.”

“आन् साखर?”

“साखर राहू दे की.”

“अजिबात न्हाई. माझ्या उतारावरनं मी एक बी माणूस कमी करणार न्हाई,” पंकजा म्हणाली. तिचा आवाज चढला तसं पुढे चाललेल्या प्रियंकाने मागे वळून पाहिलं. पंकजाला ह्या म्हाताऱ्याची एकदम माया आली. सुईला भिणारा माणूस भावजयीसाठी सुई टोचून घ्यायला निघाला होता.

माथ्यावर सगळ्यांनी म्हसोबाला हात लावला. मुकुलनी तर दोनदा लावला. त्यांना गरज होती. आभाळ स्वच्छ होतं, डावीकडे खाली धरणाचं पाणी पसरलेलं आणि त्यावर मासेमारीच्या दोन-तीन होड्या. पंकजा हेल्मेटचे पट्टे तपासत असताना भगवानराव कुणाकडेही न बघता म्हणाले, “मॅडम, आज मला पुढं सोडा. मागच्या बारीपासनं गुडघा दुखायलाय माझा, मीच सगळ्यात हळू हाय.”

गुडघा दुखत असल्याचं त्यांनी वर येताना सांगितलं नव्हतं. पण नियम तो नियम. सगळ्यात हळू तो पुढे. पुढे भगवानराव, मग चतुराबाई, मग मुकुल, शेवटी प्रियंका. पंकजा आधीच खाली जाऊन मधल्या वळणावर उभी राहिली. तिथून वरची वाट आणि खालची वाडी, दोन्ही दिसायचं.

भगवानराव आले. ब्रेक करकरत होते, पाय ताठ, नजर नेमकी त्या दगडावर जिकडे बघू नका म्हणून शंभरदा सांगितलेलं. कसेबसे सावरत ते एवढे हळू येत होते की शेजारून शेळी पुढे गेली असती. त्यांच्यामागे चतुराबाई. आज समोर दीर होते, मागे नव्हते, आणि पाठ दाखवायचा प्रश्न नव्हता. त्यामुळे पहिल्यांदाच त्या मनापासून चालवत होत्या. गुडघे सैल, कोपर सैल, हंडा हलत नव्हता. पहिला खडक त्यांनी असा ओलांडला की पंकजाने स्वतःच्या नकळत मूठ आवळली. दुसरा ओलांडला. अन् मग जे व्हायचं तेच झालं. चांगलं चालवणारा माणूस हळू चालवणाऱ्याला गाठतोच.

मागच्याने “बाजू!” म्हणून ओरडायचं आणि पुढच्याने वाट द्यायची, असं पंकजाने सगळ्यांना शिकवलं होतं. प्रियंका तर उगाचच ओरडायची. पण दिराला हाक कशी मारायची? चतुराबाईंचं अंतर कमी कमी होत गेलं. त्यांचा चेहरा पंकजाला आता स्पष्ट दिसत होता. ओठ मिटलेले होते. बोट ब्रेकवर गेलं. मग डावा पाय पॅडलवरून सुटायला लागला, तोच पाय, तसाच. पंकजाच्या घशाशी शब्द आले, उतरू नका, पण तिला माहीत होतं की तिच्या ओरडण्याने आजवर ते कधी थांबलं नव्हतं.

तेवढ्यात भगवानराव उतरले.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. सायकल थांबवली, दुखरा म्हटलेला गुडघा चांगला उंच उचलून पाय पलीकडून काढला, सायकल धरून वाटेच्या कडेला कुसळी गवतात झाले आणि तोंड फिरवून धरणाकडे बघत उभे राहिले. डोक्यावरचं हेल्मेट तिरपं झालं होतं. ते त्यांनी एका हाताने जरासं पुढे ओढलं.

चतुराबाईंचा सुटलेला पाय हवेतच थांबला. क्षणभर सायकल डगमगली. मग पाय परत पॅडलवर गेला, बोट ब्रेकवरून निघालं आणि त्या दिरांच्या पाठीमागून, हातभर अंतरावरून, पुढे निघून गेल्या. वळणावर पंकजा उभी होती, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जिकडे जायचं तिकडेच त्या बघत होत्या. शेवटचा खडकाचा उंचवटा, मग वाळूचा पट्टा, मग सपाट रान. तळाला जिथे सगळे थांबायचे तिथे त्या थांबल्या नाहीत. बाभळींमधून सरळ वाडीच्या घरांकडे गेल्या, आणि थोड्या वेळाने वाडीतली कुत्री भुंकायला लागल्याचं वरपर्यंत ऐकू आलं.

पंकजाचे डोळे भरून आले. मोसमभर ह्या उतारावर ती दर रविवारी “उतरू नका” म्हणून ओरडत आली होती. आज एक माणूस तिच्या डोळ्यांदेखत उतरला आणि तिने ब्र काढला नाही.

मागून मुकुल आले, ह्या वेळी मागचा ब्रेक दाबून, न पडता. प्रियंका त्यांच्या पाठोपाठ आली आणि भगवानरावांपाशी थांबली. ते अजून तसेच उभे होते, पाण्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी सायकल धरून.

“काका, कामून उतरलाव? ब्रेक गेला का?”

“न्हाई गं,” भगवानराव म्हणाले. वाडीतल्या कुत्र्यांचा आवाज थांबेपर्यंत ते तिकडे कान देऊन राहिले. “पाणी बघायलोय.”