दोष घड्याळाचा

मोठ्याबाईंनी पर्समधून डबी काढली, उघडली आणि आतलं घड्याळ काचेच्या काउंटरवर ठेवून दोन बोटांनी पुढे ढकललं. उसवलेला गणवेश कारागिराकडे परत सरकवावा, तसं.

"घ्या. आज पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी पुन्हा थांबलं. महिन्यातली ही तिसरी खेप."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. दुकान नुकतंच उघडलं होतं. काचा पुसल्याचा ओला वास अजून हवेत होता.

"बसा ना, बाई."

"बसायला वेळ नाही. कारखान्यात दोनशे ॲप्रन कापायचे पडलेत," असं म्हणून त्या बसल्या. अलीकडे हे असंच होऊ लागलं होतं. तोंडाने एक म्हणावं आणि गुडघ्यांनी परस्पर दुसरंच ठरवून टाकावं.

सून शेजारच्या स्टुलावर टेकली. गाडी तीच चालवत आली होती, आणि घरापासून इथवर ती एक अक्षर बोलली नव्हती.

"मागच्या आठवड्यात चार दिवस हे माझ्याकडे होतं," घड्याळजी म्हणाले. "फिरत्या यंत्रावर लावून ठेवलं होतं. एकदाही थांबलं नाही. दिवसाला चार सेकंद पुढे जातं, तेवढंच. त्याला मी दोष म्हणत नाही."

"मग मी म्हणते. आमच्याकडून एक बटण सैल गेलं, तरी मी अख्खा गठ्ठा परत मागवते. तुम्ही एवढ्या नावाजलेल्या कंपनीचं घड्याळ दिलंत आणि ते आमच्या घरी येऊन झोपा काढतं. दोष आहे हे सरळ मान्य करा आणि बदलून द्या."

"बदलून देतो. महिन्याच्या आत आहे, नियमात बसतं. पण दोष आहे असं माझ्या तोंडून येणार नाही. चव्वेचाळीस वर्षं या टेबलाशी बसलोय, बाई. चांगल्या घड्याळावर खोटा आळ घेणं मला जमायचं नाही."

मोठ्याबाईंना राग आला, आणि त्या रागातच थोडा आदरही वाटला. शहरात झगमगीत दुकानांना तोटा नव्हता. आपल्या कामापुढे कुणाला वाकणार नाही असा माणूस मात्र याच दुकानात बसलेला होता, म्हणून तर त्या इथे आल्या होत्या. लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा यजमानांना आयुष्यात एक तरी उंची घड्याळ घालायला मिळावं, असं त्यांनी ठरवलं होतं. यजमान रस्ते खात्यात अभियंता होते. उन्हातान्हात मैलोन्‌मैल चाललेला माणूस. आठ महिन्यांपूर्वी त्यांची छाती उघडावी लागली, आणि घरी पाठवताना डॉक्टरांनी औषधांच्या यादीखाली एकच ओळ ठळक लिहून दिली, रोज दोन वेळा चालणे.

घड्याळ घेताना घड्याळजींनी तीन प्रकार समोर मांडले होते. एक चावीचं, एक बॅटरीचं आणि एक आपोआप चालणारं. घालणारा हलला की आतला लोलक फिरतो आणि घड्याळाला चावी बसत जाते, हे ऐकताच मोठ्याबाईंनी बाकीच्या दोन घड्याळांकडे पाहिलंदेखील नव्हतं. "म्हणजे जो हलेल, त्याचं चालेल. हेच द्या." आकारही त्यांनीच सांगितला होता, चाळीस मिलीमीटर. घड्याळजींनी मनगटाचं माप विचारलं तेव्हा त्या हसल्या होत्या. समोरून येणाऱ्या माणसाच्या खांद्याची रुंदी त्या रस्त्याच्या पलीकडून अचूक सांगत; पन्नास वर्षं डोळ्यासमोर असलेलं मनगट काय मोजायचं?

"साहेब दिवसभर घालतात ना?" घड्याळजींनी विचारलं.

"आंघोळीपुरतं काढतात."

"आणि चालणं-फिरणं?"

"सकाळी अंगणात वीस फेऱ्या, संध्याकाळी वीस. मी कारखान्यातून आले की आधी तेच विचारते. उत्तर मिळाल्याशिवाय चप्पल काढत नाही."

"वीस आणि वीस," घड्याळजी पुटपुटले. त्यांनी घड्याळ कानाशी नेऊन हलकेच हलवलं. "पूर्ण भरलेलं असलं तर हे चाळीस तास चालतं, बाई. दिवसभर चालत्या माणसाच्या हातात असूनही पहाटे थांबतं, म्हणजे..."

पुढचं वाक्य त्यांनी तसंच सोडलं आणि स्वच्छ काच पुन्हा पुसायला घेतली.

"म्हणजे काय?"

"मला वाटलं साहेब तुम्हाला बोलले असतील. दोनदा फोन येऊन गेला त्यांचा."

"कुणाचा? ह्यांचा?"

"फार मोकळं बोलतात. विचारत होते, खुर्चीत बसून नुसतं मनगट हलवलं तर घड्याळ भरतं का. म्हटलं, भरतं की, पण सातआठशे वेळा तरी हलवायला हवं. तर म्हणाले, 'अहो, तेवढ्या वेळात तर मी तुमच्या दुकानापर्यंत चालत येईन!' खूप हसलो आम्ही."

सांगता सांगता त्यांचं हसू विरलं. काउंटरच्या या बाजूला कुणीच हसत नव्हतं.

मोठ्याबाईंनी मान वळवली. सून गाडीच्या चावीचं कडं बोटाभोवती फिरवत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"घड्याळ आलं त्याच आठवड्यापासून." सुनेचा आवाज खाली होता, पण कापत नव्हता. "रोज साडेपाचला बसतात. तुम्ही यायच्या आधी. शंभरपर्यंत स्वतः मोजतात, मग धाप लागते, म्हणून पुढचं मोजणं माझ्याकडे. चांगल्या दिवशी चारशे होतात. वाईट दिवशी दीडशेलाच हात खाली येतो. घड्याळ थांबलं ना, ते त्या दिवसांनंतर."

"आणि फेऱ्या?"

"पायरीपर्यंत जातात. अंगणात उतरून तीन महिने झाले असतील."

"तीन महिने. आणि माझ्याच घरात मला कुणी सांगत नाही."

"बाबांनी शपथ घातली होती, आई." मग सून इतक्या वर्षांत न बोललेलं बोलली. "आणि सांगून काय झालं असतं? तुम्ही घरात पाऊल टाकता ते आधी घड्याळाकडे बघता. मग बाबांकडे."

घड्याळजी उठले आणि आतल्या खोलीत काहीतरी शोधायला गेले. शोधण्याचा आवाज मात्र आला नाही.

मोठ्याबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पण पुन्हा लावला नाही. दहा वर्षांपूर्वी घरात कुणी त्यांना असं बोललं असतं, तर भिंती हादरल्या असत्या. तो राग त्यांनी आत शोधून पाहिला. जागा सापडली, राग नव्हता. तिथे एक खुर्ची होती, आणि खुर्चीत बसून मनगट हलवणारा, श्वास जपून आकडे मोजणारा त्यांचा नवरा. शिपायाने साहेब यायच्या आधी हजेरीपटावर सही उरकावी, तशी त्यांच्यासाठी रोज साडेपाचला हजेरी लागत होती. आणि ज्या तीन सकाळी घड्याळ थांबलं, त्या तिन्ही सकाळी त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. त्या वेळी यजमान काय म्हणाले होते, हे आता त्यांना आठवेना. बहुधा काहीच म्हणाले नव्हते.

"घड्याळजी," त्यांनी हाक मारली. "या बाहेर. पुन्हा दाखवा. तिन्ही दाखवा."

निळ्या मखमलीच्या तबकात तीन घड्याळं आली.

"या वेळी माप डोळ्याचं नको, बाई. खरं सांगा."

"साडेपंधरा सेंटिमीटर," सून म्हणाली. "काल दुपारी झोपले होते, तेव्हा दोऱ्याने घेतलं."

"साडेपंधरा? काहीतरीच! साडेपंधरा तर माझं आहे."

घड्याळजी हळूच म्हणाले, "तसं असेल तर तुमच्याच हातावर बघू या."

मोठ्याबाईंनी बांगड्या कोपराकडे सरकवल्या. आधी घड्याळजींनी जुनंच घड्याळ त्यांच्या मनगटावर ठेवलं. ते दोन्ही कडांच्या बाहेर आलं, पाटावर परात ठेवल्यासारखं, आणि हात तिरका करताच घरंगळून खालच्या बाजूला गेलं.

"हे असं घालून बसायचे ते?"

"खाली रुमाल गुंडाळतात," सून म्हणाली. "वरून बाही ओढून घेतात."

पाव इंच ढिली बाही त्यांच्या नजरेतून कधी सुटली नव्हती. त्यांनी स्वतःच ते घड्याळ काढलं आणि दुसरं पुढे ओढलं. छत्तीस मिलीमीटरचं, पांढऱ्या तबकडीचं, तारखेची खिडकीसुद्धा नसलेलं. ते मनगटावर बसलं आणि हललं नाही.

"बायकी नाही ना दिसणार?"

"आमच्या उमेदीच्या काळात मोठमोठे पुरुष याच आकाराचं घालायचे. बाहीखाली गुपचूप गेलं पाहिजे, तेच खरं समारंभाचं घड्याळ. मोठ्या तबकड्यांची हौस अलीकडची."

"आणि हे चालतं कसं?"

"हे चावीचं. रोज सकाळी तीस वळसे द्यायचे. मला विचाराल, तर घड्याळ हेच." घड्याळजींचा आवाज एकदम तरुण झाला. "माणसाने घड्याळाला रोज हात लावावा, बाई. दोघांची ओळख राहते."

मोठ्याबाईंनी बाजूची बारीक चावी दोन बोटांत धरली आणि फिरवली. आत नाजूक दात एकमेकांत बसल्यासारखी कुरकुर झाली. छान वाटलं. दहा वळसे, अकरा, बारा. बोटांनाही व्यायाम. सकाळी चहाच्या आधी तीस. मनाशी वेळापत्रक आपोआप आखलं जाऊ लागलं.

"आई," सून म्हणाली, "मग तुम्ही रोज चावीचं विचाराल."

मोठ्याबाईंची बोटं जागच्या जागी थांबली. त्यांनी चावी सोडली, पट्टा सोडवला आणि घड्याळ तबकात जिथून उचललं होतं तिथेच ठेवलं.

"याच आकारात बॅटरीचं आहे ना? ते द्या."

घड्याळजींचा चेहरा उतरला. "विचार करा, बाई. वस्तू उत्तमच आहे, त्यात वाद नाही. पण बॅटरीच्या घड्याळाला घालणाऱ्याशी काही देणंघेणं नसतं. हातात घाला, खणात टाका, ते आपलं चालतच राहतं."

"तेच हवंय मला."

घड्याळजींनी पट्ट्याला आतल्या बाजूने एक जादा भोक पाडलं, वेळ लावली, डबी बदलली आणि पावतीपुस्तक ओढून लिहायला लागले.

"एक ओळ जास्तीची घाला," मोठ्याबाई म्हणाल्या. "आधीच्या घड्याळात दोष आढळला, म्हणून बदलून दिलं."

पेन वरच राहिलं. "बाई, दोष नाही त्यात. आत्ता तर तुम्हीही—"

"मला कळलंय."

"मग?"

"पावती ह्यांना दाखवायची आहे. अभियंता आहेत ते. चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, माझ्या नुसत्या शब्दावर नाही विसंबणार." दुकानात कितीतरी घड्याळं एकाच वेळी चालत होती. "तुमच्या कामावर डाग लावायला सांगतेय, याची मला जाण आहे. मी कुणाकडे काही मागत नसते. आज मागते."

घड्याळजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग काउंटरवर उताण्या पडलेल्या त्या मोठ्या, निर्दोष घड्याळाकडे. भिंग डोळ्यावर ओढून घेतलं, जणू अक्षर बारीक काढायचं होतं, आणि लिहिलं. शिक्का मात्र जरा जोरातच आपटला.

मोठ्याबाईंनी पावती हातभर लांब धरून वाचली. 'आतील लोलक नीट फिरत नव्हता. दोष घड्याळाचा. बदलून दिले.'

"सही राहिली," त्या म्हणाल्या.

घड्याळजींनी सही केली.

गाडीत बसल्यावर सुनेने सवयीने कारखान्याच्या दिशेचा दिवा लावला.

"तिकडे नको. घरी घे."

"आत्ता? अजून अकरासुद्धा वाजले नाहीत. आणि ॲप्रन?"

"ॲप्रनना पाय फुटलेले नाहीत."

वाटेत सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मोठ्याबाईंनी डोळे मिटून डोकं मागे टेकवलं. सुनेला वाटलं, झोप लागली असेल. पण मांडीवरच्या डबीवरची त्यांची मूठ घट्ट होती. एका वळणावर त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "शंभरानंतर मोजताना तू मोठ्याने मोजतेस?"

"हो. त्यांना आवडतं तसं."

"हं," एवढंच त्या म्हणाल्या.

घराशी आल्यावर सुनेने वेग कमी केला. फाटक सताड उघडं होतं, अंगणात उन्हाशिवाय कुणी नव्हतं. तिने गाडी आत वळवायला घेतली.

"थांब," मोठ्याबाई म्हणाल्या. "हॉर्न वाजव."

"फाटक उघडंच आहे, आई."

"दिसतंय मला. वाजव."

सुनेने एकदा वाजवला.

"अजून एकदा. मोठ्याने." मोठ्याबाईंनी खिडकीकडे न बघता चष्मा लावला, पदर सारखा केला. "आता जरा थांब, त्यांना पायरीपर्यंत येऊ दे. आणि मग सावकाश आत घे."