भांगेची पानं पिवळी पडली तेव्हा

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, वयाने जुनी आहे आणि स्वभावाने थोडी गर्विष्ठ आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःची स्तुती करू लागले तर तुम्ही रागावणार नाही.

माझी जात खुरपीची. कोरिया देशात आन्दोंग नावाच्या गावाच्या अलीकडे, ओढ्याकाठच्या एका खेड्यात माझे सारे आयुष्य गेले. त्याआधी मी एका मालमोटारीच्या स्प्रिंगची पट्टी होते. वर्षानुवर्षे ओझी सोसून ती पट्टी मोडली, लोहाराने तिचा तुकडा भट्टीत घातला आणि ठोकून ठोकून माझे पाते बनवले. पिंपळाच्या पानासारखे रुंद, टोकाशी निमुळते. मान मात्र त्याने बगळ्यासारखी वाकवली. "ही मान बघून घ्या," तो बाजारात गिऱ्हाइकांना सांगे, "मनगट दुखणार नाही आणि झाडाचं मूळ तुटणार नाही."

मला विकत घेतले ते ओकबुन नावाच्या विधवा बाईने. गावात तिच्या जिभेची धार माझ्या धारेपेक्षा जास्त आहे असे म्हणत, आणि ते खोटे नव्हते. तिने मला उचलले, उलटसुलट केले, अंगठ्याने पाते वाजवून पाहिले आणि लोहाराला म्हणाली, "बरी आहे. तुझ्या बायकोपेक्षा कमी वाजते." लोहार हसला आणि मी ओकबुनच्या घरी आले.

पण ओकबुनने मला स्वतःसाठी घेतले नव्हते. घरात नवी सून येणार होती. तिचे नाव मिरान. ती समुद्राकाठच्या बंदरातली, कोळ्याची मुलगी. त्या बंदरातून आन्दोंगला खारवलेला बांगडा येई. लग्नानंतर मिरानचा नवरा कोळशाच्या खाणीत कामाला गेला. तो सणासुदीला येई. बाकी वर्षभर घरात सासू, सून आणि मी.

"आजवर तिकडून बांगडे येत होते," पहिल्याच दिवशी सासू म्हणाली, "यंदा पोरगीही आली. ही घे खुरपी. मासा सोलायचा नाहीये, तण काढायचंय."

"आई, खवले आणि तण सारखेच," मिरान म्हणाली. "उलट दिशेने ओढलं की निघतात."

त्या दिवशी सासूने सुनेच्या ताटात बार्लीच्या भाताचा एक डाव जास्त वाढला, एवढे मी पडवीतून पाहिले.

आमच्या रानात भांग पिकत असे. दचकू नका मित्रांनो. ही भांग नशेची नव्हे, धाग्याची. वसंतात बी दाट पेरायचे, म्हणजे झाडाला फांद्या न फुटता ते सरळ काठीसारखे वर जाते. पावसाळ्याच्या तोंडाशी ते माणसाच्या डोक्यावर गेले की कापायचे, वाफवायचे, साल सोलायची, नखांनी आणि दातांनी तिचे केसासारखे धागे करायचे आणि मांडीवर वळून जोडायचे. मग त्याचे कापड विणायचे. सरकारचा परवाना लागे. कापणी झाली की तालुक्याच्या माणसासमोर पाने पुरून टाकावी लागत. धाग्याला तेवढी मुभा होती, पानाला नव्हती.

त्या कापडाचे उन्हाळी कपडे होत. पण त्याचा खरा मान वेगळा होता. माणूस मेला की त्याला अखेरचे वस्त्र त्याच कापडाचे नेसवत. आमच्या मुलखात हे वस्त्र जिवंतपणीच शिवून ठेवतात, तेही अधिक महिन्यात. त्या महिन्यात देवांचे लक्ष नसते म्हणे, त्यामुळे काही विपरीत घडत नाही, उलट आयुष्य वाढते. ओकबुनने गावातल्या कितीतरी जणांसाठी असे कापड विणले होते. स्वतःसाठी मात्र एक हातही नाही. दर वेळी कुणाची तरी निकड निघे आणि तिचा ताणा दुसऱ्याच्या घरी जाई.

मिरान येऊन काही वर्षे झाली तेव्हा सासूने जाहीर केले, "खालच्या वावरातली यंदाची भांग माझी. हिवाळ्यात सूत काढायचं, पुढच्या अधिक महिन्यात शिवायचं. हा अधिक चुकला तर तीन वर्षं थांबा. यमाला तोवर थांब म्हणून सांगायला कोण जाणार, तू?"

खालचे वावर आमचे सोने होते. तिथली भांग बारीक काठीची आणि तिचा धागा सर्वांत तलम. मिरानने आणि मी त्या वावरात एक काडी तण राहू दिले नाही. ती उकिडवी बसून पुढे सरके आणि मी तिच्या हातातून मातीत शिरे. रोपाच्या इतक्या जवळून जाई, पण त्याच्या मुळाला कधी धक्का लावला नाही. या गोष्टीचा मला अजून अभिमान आहे.

झाडे मिरानच्या छातीएवढी झाली आणि एका सकाळी ती वावराच्या खालच्या बांधाशी थबकली. झाडांची बुडाकडची पाने पिवळी पडली होती. कडा तपकिरी, करपल्यासारख्या. दुपारी पाहिले तर शेंडे माना टाकून उभे.

ओकबुन काठी टेकत आली. तिने एक पान तोडले, उलटे केले, पाठ निरखली. मग मिरानला फडका पसरायला लावून त्यावर झाड झटकले. एकही किडा पडला नाही. कुठे जाळे नाही, ठिपका नाही.

"कीड नाही," ती म्हणाली. "बुडापासून पिवळं पडतंय म्हणजे उपाशी आहे. खालच्या पानांचं खाऊन वरची जगतायत. खत दे."

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. भुकेलेली भांग तशीच दिसते. मिरानने खत दिले. पण पुढच्या काही दिवसांत पिवळेपणा वर चढला, आणि आता पानांची टोकेही जळू लागली.

त्यातच शेजारचा दोकसू येऊन उभा राहिला. आमच्या वावराच्या वरच्या अंगाला, एका बांधापलीकडे, त्याचे भाताचे खाचर होते. लावणी नुकतीच झाली होती. ओकबुनच्या नवऱ्याचा तो चुलतभाऊ, म्हणून तिला वहिनी म्हणे.

"वहिनी, मान राखून विचारतो," तो म्हणाला. मान राखण्याचा त्याच्या आवाजात मागमूस नव्हता. "सकाळी खाचर भरतो, दुसऱ्या दिवशी पाहतो तर चिखल. पाणी जातं कुठे? बांध कोण फोडतंय?"

"मला काय विचारतोस? भांगेला पाण्याचं वावडं असतं, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"मग तुमच्या पानांना काय झालंय? तहानेने माना टाकल्यात. तहानलेला माणूस चोरी करतोच."

"तहान कुणाला जास्त लागते ते गावाला माहीत आहे! तांदळाची दारू गाळणाऱ्याच्या खाचरात पाणी टिकेलच कसं?"

दोकसूचा चेहरा लाल झाला. "ठीक आहे. यंदा तुमची भांग तुम्हीच वाफवा. माझा हात लागायचा नाही."

मित्रांनो, हे साधे भांडण नव्हते. भांग वाफवणे हे एकट्यादुकट्याचे काम नाही. खड्डा खणायचा, दगड तापवायचे, भारे लावायचे, वर माती लोटायची, त्यासाठी सारी वाडी लागते. आणि दोकसू नाही म्हणाला की त्याच्या भावकीतले कुणी येणार नव्हते. त्या दिवशी ओकबुन नीट जेवली नाही. आंबवलेल्या सोयाबीनचे सार तिने तसेच ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "चोर म्हणाला मला. या वयात."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिरान मला घेऊन वावरात गेली आणि नुसती पाहत उभी राहिली. मी तिच्या हातात होते. तिचा अंगठा माझ्या मुठीवरून मागेपुढे फिरत होता, विचार करताना तो तसा फिरे.

"भुकेने पिवळी असती," ती पुटपुटली, "तर सगळं वावर पिवळं असतं. ही फक्त बांधाच्या कडेची. आणि तहानेने माना टाकल्या म्हणावं तर माती ओली."

ती खाली बसली आणि एका पिवळ्या झाडाच्या पायाशी तिने मला मातीत घातले. हळू. मी मुळाभोवतीची माती उकरली आणि तिने झाड अलगद वर काढले.

मुळे पांढरी नव्हती. तपकिरी होती. दोन बोटांत धरून ओढले तशी त्यांची साल मोज्यासारखी निघून आली. मिरानने ते मूळ नाकाशी नेले आणि तिचे डोळे मोठे झाले.

"होडीचा तळ!" ती म्हणाली. "बाबांच्या होडीच्या तळात साचलेल्या पाण्याला हाच वास यायचा."

मी केलेल्या खड्ड्यात तोवर पाणी भरत होते. वरून नव्हे, बाजूने. झाडे तहानलेली नव्हती, बुडत होती. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नव्हते, म्हणून पाण्यात उभी राहून ती सुकत होती. आणि आम्ही त्या आजाऱ्याला वरून खत भरवले होते!

मग आम्ही पाण्याचा माग काढला. मिरान गुडघ्यांवर सरकत होती आणि मी ओल उघडी करत होते. वावराच्या कडेने, उताराच्या उलट, वरच्या बांधापर्यंत. तिथे दगड लागले. तिने मला फटीत घालून जोर केला आणि माझे टोक तुटले. खोटे कशाला सांगू, दुखले. पण दगड सुटला, आणि त्यामागे बांधात अंगठ्याएवढे गोल, गुळगुळीत भोक दिसले. त्यातून दोकसूचे पाणी झुळझुळ आमच्या वावरात उतरत होते.

मिरानने भोकात बोट घातले आणि चटकन मागे घेतले. मग ती हसू लागली. एकटीच, चिखलात बसून. तिने बांधावरच्या भोपळ्याचे खरखरीत पान तोडले, हाताला गुंडाळले, दुसऱ्या हाताने मला भोकाच्या वरच्या अंगाला खुपसले आणि माती ढासळवली. पिवळसर, लांबलचक काहीतरी वळवळत बाहेर आले आणि तिने ते पानात आवळले. गोड्या पाण्यातली वाम होती ती, सापासारखी मासळी. बांध पोखरून घर करणारी. दुसऱ्या कुणाच्या हातून ती केव्हाच निसटली असती.

मिरान तशीच, चिखलाने माखलेली, दोकसूच्या अंगणात गेली. वाम त्याच्या घमेल्यात टाकली.

"काका, तुमचा चोर. बांधायचा असेल तर बांधा, पण दोरी निसटेल."

दोकसूने घमेल्यात पाहिले. मग तिच्याकडे. मग पुन्हा घमेल्यात.

"कुठे सापडली?"

"तुमच्या बांधात. तुमचं पाणी आमच्या भांगेच्या मुळात साचलंय. तुमचं खाचर कोरडं, आमचं रान कुजतंय. नुकसान दोघांचं आणि चैन हिची."

तो फावडे उचलून चालू लागला. वाटेत आमच्या दारापाशी थांबला आणि आत न बघता मोठ्याने म्हणाला, "वहिनी, माझं तोंड कुजकं आहे. मुळं कुजली त्याहून जास्त."

"माहीत आहे," आतून आवाज आला. "बांध बुजव आधी. मग तोंड धू."

त्यांनी भोक चिकणमातीने ठोकून बुजवले. वावराच्या कडेने चर खणला, ओढ्यापर्यंत. मोठे काम फावड्याचे होते, कबूल. पण झाडांच्या ओळींमधल्या बारीक वाटा मीच काढल्या, मोडक्या टोकाने. संध्याकाळी ओकबुनने वामेचे सार केले आणि दोकसूला बळेच वाढले. "काटा लागला तर ओरडू नकोस," ती म्हणाली. "कोळ्याच्या पोरीने साफ केलीय, लागणार नाही."

पिवळे पान पुन्हा हिरवे होत नाही, मित्रांनो. जे गेले ते गळून गेले, आणि खालच्या बांधाला लागून असलेला एक पट्टा आम्ही गमावला. पण बाकीच्या झाडांना वर नवी पाने फुटली ती पोपटासारखी हिरवी. कापणीनंतर वाफवायच्या दिवशी सर्वांत आधी दगड घेऊन आला तो दोकसू.

लोहाराने माझे मोडके पाते पाहून मिरानला सांगितले, "नवीन घे, ही संपली." मिरान म्हणाली, "टोक गेलंय, अक्कल नाही गेली. घासून दे." तेव्हापासून मी आखूड आहे.

ओकबुनचे वस्त्र ठरल्या अधिक महिन्यात शिवून झाले. ते शिवले की माणूस जास्त जगतो म्हणतात, आणि ओकबुनने तर कमालच केली. दर उन्हाळ्यात ते वस्त्र वाळत घालताना ती दोकसूला म्हणे, "आधी तू जाशील वाटतं!" आणि गेलाही तोच आधी. पुढे कधीतरी ते कापड ज्या कामासाठी होते त्या कामी आले. मिरानने स्वतःच्या हाताने नेसवले.

मग माझे वाईट दिवस आले. परदेशी स्वस्त कापड आले, भांगेची वावरे कमी होत गेली, मिरान नवऱ्याबरोबर काही वर्षे शहरात राहिली. मी गोठ्यात एका फाटक्या प्लास्टिकखाली पडून होते, चिखल तसाच अंगावर. गंज लोखंडाला हळूहळू खातो आणि आवाज करत नाही. मिरान परतली तेव्हा तिने मला वाळूने घासले, तेल लावले आणि "माफ कर गं" म्हणाली. मी तिला माफ केले. सगळ्यांनाच करीन असे नाही.

आता पुन्हा आमच्या खोऱ्यात भांग उभी राहते आणि लोक पिवळी पाने घेऊन मिरानकडे येतात. ती पानाकडे बघते आणि म्हणते, "पान काय दाखवता? झाडाच्या पायाशी चला." मग आम्ही दोघी जातो. कधी खरेच भूक असते. कधी मुळाला अळी असते. एका बाईच्या झाडांच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि बाकी पान पिवळे असे झाले होते. चुलीची राख रोज तिथेच ओतत होती बिचारी, मातीच बिघडली होती.

गेल्या वसंतात शहरातून दोन माणसे आली. जुन्या अवजारांचे दालन करायचे होते त्यांना. मला काचेत ठेवणार होते, खाली दिवा, शेजारी नाव.

"आज नाही देता येणार," मिरान म्हणाली. "आज तिला काम आहे."

"मग उद्या येऊ?"

"उद्याही आहे."

"मोकळी कधी असेल, आजी?"

"मी मेल्यावर विचारून बघा. पण माझ्या सुनेला विचारा हं, परस्पर नेऊ नका."

मित्रांनो, तुमच्याही घरी कोपऱ्यात माझी एखादी बहीण पडलेली असेल. तिला काचेत ठेवू नका आणि चिखलातही टाकू नका. काम झाले की धुवा, पुसा, तेलाचा एक हात फिरवा. आणि कुठे काही पिवळे पडलेले दिसले, झाड असो की माणूस, तर वरून खत ओतण्याआधी जरा खाली वाका.

बरे, येते मी. मिरानने हाक मारली आहे.